ताब्यात दिल्याची तारीख

"आधी तोंडानं सांगा."

एवढं म्हणून बाई कीबोर्ड पुढे ढकलायच्या, हाताची घडी घालायच्या आणि समोरच्याकडे बघत बसायच्या. समोर नवा कारकून असो, नाहीतर खुद्द मोठे साहेब असोत. कागदावर लिहून आणलेलं चालायचं नाही, मोबाइलवर पाठवलेलं चालायचं नाही. संगणकाला काय विचारायचंय ते आधी साध्या मराठीत, एका वाक्यात, बोलून दाखवायचं. वाक्य पटलं तर बाई कीबोर्ड परत ओढून घ्यायच्या. नाही पटलं तर म्हणायच्या, "परत सांगा."

तुमच्याही कार्यालयात असं एखादं माणूस असेल, ज्याच्याकडे जायचं म्हटलं की जिवावर येतं आणि गेल्याशिवाय तर भागत नाही. आमच्याकडे त्या बाई होत्या. तोंडावर आम्ही मॅडम म्हणायचो, माघारी बाई. इथं बाईच लिहितो. नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, आणि नाही आवडलं तर तसं सांगायला त्या घरापर्यंत येतील, एवढी मला त्यांची ओळख आहे.

आमचं कार्यालय सोलापुरात सात रस्त्याजवळ, एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. जिल्ह्यात जी लहानसहान सरकारी बांधकामं होतात, म्हणजे शाळेच्या खोल्या, अंगणवाड्या, दवाखान्यांची उपकेंद्रं, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं आमचं काम. मी तिथं शाखा अभियंता. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मला सगळे रावसाहेब म्हणतात. उन्हातान्हात साइटवर हिंडून चपला झिजवणाऱ्या माणसाला हे नाव कोणी दिलं कोण जाणे. तर, काम कुठवर आलं, शेवटचा फोटो कधी काढला, ठेकेदार कोण, हे सगळं आम्ही साइटवरून मोबाइलनं एका प्रणालीत भरायचं. ती माहिती एका मोठ्या साठ्यात जाऊन पडते. त्यातून पाहिजे तेवढंच वेचून काढायचं तर त्या साठ्याला त्याच्या भाषेत प्रश्न घालावा लागतो. त्याला क्वेरी म्हणतात. ती लिहायचं काम बाईंचं.

क्वेरी म्हणजे काय असं कोणी विचारलं, तर बाई सांगायच्या, "दुकानात जाऊन नुसतं 'डाळ द्या' म्हणालात तर तो कुठली देईल? समोर असेल ती. मशीनचं तसंच आहे. ते चुकत नाही. तुम्ही अर्धं बोलता."

आमचा एक सहकारी होता, अक्कलकोटकडचा. एकदा आढावा बैठक तोंडावर असताना धावत आला.

"मॅडम, माझ्या तालुक्यात प्रगती शून्य असलेली कामं काढा लवकर."

"शून्य की रिकामी?"

"दोन्ही एकच की, मॅडम."

बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, आता वर्ग भरणार. "शून्य म्हणजे कोणीतरी साइटवर गेलं, बघितलं, आणि काही झालेलं नाही असं लिहिलं. रिकामं म्हणजे कोणी काही बोललंच नाही. शून्यवाला निदान खरं बोलतोय. रिकाम्यांचं काय करायचं ते तुम्ही सांगा."

तो बिचारा एक डोळा घड्याळावर ठेवून उभा. शेवटी म्हणाला, "दोन्ही द्या."

"मग तसं नीट सांगा की, तोंडानं."

त्यानं सांगितलं. शाळेत उभं केल्यासारखं सगळ्या खोलीसमोर सांगितलं. बैठकीत मात्र त्या दिवशी त्याच्या एकट्याचीच माहिती बरोबर निघाली, आणि तरी तो बाईंवर आठवडाभर धुसफुसत होता.

बाई काही गरीब गाय नव्हत्या. चांगल्या खवट होत्या. शुक्रवार पेठेतून स्कूटीवर यायच्या, तोंडाला स्कार्फ असा गुंडाळलेला की डोळे तेवढे दिसायचे, आणि ते डोळे जिना चढतानाच कोणाची तरी चूक शोधत यायचे. टेबलावर घरून आणलेला लहान पंखा होता. तो इकडेतिकडे मान फिरवायचा, म्हणून बाईंनी त्याची मान सुतळीनं बांधून टाकली होती. सोलापूरचा मे महिना, आम्ही घामानं निथळतोय, आणि वारा एकट्या बाईंना. डब्यात शेंगाची चटणी असायची. वास सगळ्या खोलीभर, पण कोणाला बोटभर मिळाली असेल तर शपथ. "घरी करायला सांगा की," म्हणायच्या. जेवण झालं की टेबलावर डोकं टेकून जरा पडायच्या. त्या वेळात कोणी हाक मारलीच, तर डोकं न उचलता, डोळे मिटूनच म्हणायच्या, "आधी तोंडानं सांगा."

त्यांची नोकरी कराराची. अकरा महिने झाले की मधे एक दिवसाचा खंड द्यायचा, म्हणजे त्या दिवशी कागदोपत्री त्या कोणीच नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून नवा करार. हे वर्षानुवर्षं चाललेलं. बाकीची कराराची माणसं त्या दिवशी घरी राहतात, लग्नकार्य उरकतात. बाई यायच्या. स्कूटी लावायच्या, वर यायच्या, आणि आपल्या खुर्चीत न बसता बाहेर लोकांसाठी ठेवलेल्या बाकड्यावर बसायच्या.

मी एकदा म्हटलं, "मॅडम, आत या की."

"आज मी इथं नाही, रावसाहेब."

"मग बाकड्यावर कोण बसलंय?"

"जनता."

दुपारी साहेबांना कसला तरी आकडा हवा झाला. शिपाई बाकड्यापर्यंत आला, डोकं खाजवत उभा राहिला आणि परत गेला. बाईंनी पिशवीतून संत्रं काढलं आणि सोलून खात बसल्या.

लोक त्यांच्याकडे भलत्या मागण्याही घेऊन यायचे. "तेवढी एक तारीख मागं घ्या की, मॅडम, तुमच्या हातात काय नाही?" बाई म्हणायच्या, "मला फक्त वाचायची परवानगी आहे. लिहिता तुम्ही." आणि ते खरंच होतं. साठ्यातलं एक अक्षर त्यांना बदलता येत नसे. नोंद करायची आम्ही अभियंत्यांनी, त्यावर शिक्का साहेबांचा. बाईंनी फक्त विचारलेलं आणून द्यायचं. त्याचा त्यांना केवढा ताठा होता म्हणून सांगू. "प्रश्न तुमचा, उत्तर मशीनचं. मी मधली," असं सारखं म्हणायच्या.

आता मार्चचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मार्चमध्ये वर्ष संपतं. एखाद्या कामाचा स्लॅब पडलेला असतो, गिलावा झालेला असतो, दारं-खिडक्या आणि फरशी तेवढी राहिलेली असते. ते अपूर्ण दिसलं तर वरून खुलासा मागतात, निधी परत जातो, साहेबांना बोलणी बसतात. मग आपण म्हणतो, एवढंच तर राहिलंय, एप्रिलमध्ये करून टाकू. आणि नोंदीत 'पूर्ण' लिहून मोकळे होतो. यात खाण्यापिण्याचा भाग नसतो हो. करायचं खरोखर मनात असतं. पण एप्रिल उजाडला की आढावा फक्त अपूर्ण कामांचा होतो. बैठकीत पडद्यावर अपूर्ण कामं येतात, ठेकेदाराला फोन अपूर्ण कामासाठी जातो, माणूस अपूर्ण कामाच्या साइटवर जातो. 'पूर्ण' लिहिलेल्या कामाचं नाव कोणाच्या तोंडी येत नाही. अभियंत्याची बदली होते, ठेकेदार दुसरीकडे मिक्सर हलवतो, आणि इमारत तशीच उभी राहते. असलं आमच्याशिवाय दुसरं कोणी करत असेल असं मला वाटत नाही.

प्रणालीत आणखी एक रकाना आहे. ताब्यात दिल्याची तारीख. किल्ली ज्या दिवशी गावाच्या हातात दिली, ती तारीख. तो भरलाच पाहिजे अशी सक्ती नाही. मग कोण भरतंय.

दुपारी जेवायच्या वेळेला बाईंचा फोन वाजायचा. आवाज इतका मोठा की पलीकडचं बोलणं सगळ्या खोलीला ऐकू यायचं. धाकट्या बहिणीचा असायचा. बाईंचं माहेर माळशिरसकडचं, आणि बहीण तिथंच एका वस्तीवर अंगणवाडी सेविका. बाई फोन उचलल्या उचलल्या विचारायच्या, "शेळ्या निघाल्या का?"

"कुटल्या निघत्यात, आक्का. कडबा बी आणून टाकलाय आता."

रोज हेच. मला आपलं वाटायचं, बहिणीचा शेळ्यांचा धंदा असेल, विकल्या जात नसतील. एकदा चेष्टेनं म्हटलं, "मॅडम, बकरी ईद येतेय, निघतील शेळ्या." बाईंनी चष्मा काढला.

"शेळ्या बहिणीच्या नाहीत, रावसाहेब. गावातल्या आहेत. राहतात अंगणवाडीच्या नव्या इमारतीत. दार नाही ना त्याला. आणि अंगणवाडीची पोरं असतात मारुतीच्या देवळापुढच्या पत्र्याखाली. खिचडीचं पातेलं तिथंच, पोरं तिथंच. परवा एक पोरगी उन्हानं भोवळ येऊन पडली. बहिणीनं ओल्या पदरानं पुसली, तास झाला तेव्हा डोळे उघडले."

मी विचारलं, "काम कुणाच्या भागातलं?"

"बदलून गेले त्या अभियंत्यांच्या. दारं, खिडक्या, फरशी आणि नळ राहिलाय. तुमच्या नोंदीत पूर्ण आहे. बघितलंय मी."

"मग साहेबांना सांगा की."

"मी सांगायची बाई नाही. विचारलं तर आणून देते. कोणीतरी विचारायला पाहिजे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "जूनमध्ये करार संपतोय. घरी नवऱ्याचं काम अर्धं बंद पडलंय. मला नका शिकवू."

मी म्हटलं, मग बहिणीला अर्ज करायला सांगा, गावाच्या सह्या घ्यायला सांगा. दुसऱ्याच्या भागात बोट घालायचं नाही, असं आमच्यात सगळेच पाळतात. अर्ज आला की रीतसर काहीतरी होतं, असं तेव्हा मला वाटलं होतं. एवढी वर्षं नोकरी करून असं वाटतं म्हणजे कमालच म्हणायची.

अर्ज आला. आयांच्या सह्या, अंगठे, आणि वर बहिणीच्या हातचा मजकूर. तालुक्यातून फिरत फिरत आमच्या आवक-जावक बघणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर पडला, आणि कारकून तो घेऊन बाईंकडे आला. मी समोरच होतो.

"मॅडम, या कामाची स्थिती काय आहे ते सांगा."

बाईंनी कागद हातात घेतला. बहिणीचं अक्षर त्यांना ओळखू येणारच. वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "हाच प्रश्न आहे का तुमचा?"

"हाच."

"आणखी काही विचारायचं नाही? दार बसलं का, ताब्यात दिलं का?"

"आणखी कशाला, मॅडम. मला नुसतं उत्तर लावायचंय. टेबलावर ढीग पडलाय."

मी बाईंकडे बघत होतो. मला वाटलं, आता बोलतील. पण त्यांनी कीबोर्ड ओढला, क्वेरी लिहिली आणि बटण दाबलं. एक ओळ आली. पूर्ण. कारकुनानं ती बघून घेतली, आणि चौथ्या दिवशी पत्र गेलं, की सदर काम पूर्ण असल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

त्यानंतर दुपारचा फोन वाजायचा बंद झाला. बाईच लावून बघायच्या. पलीकडे नुसती घंटा वाजत राहायची. एकदा माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "उचलत नाही." डबा उघडायच्या, दोन घास खायच्या आणि झाकण लावायच्या. टेबलावर डोकं टेकायच्या, पण झोप लागत नसावी, कारण हाक मारली की लगेच उठून बसायच्या. बाईंचा मला कधी कळवळा येईल असं मला वाटलं नव्हतं, पण त्या दिवसांत आला. आपल्याच हातानं आपल्या बहिणीला ते उत्तर पाठवायचं, आणि तेही जसंच्या तसं बरोबर असलेलं. कुणाला सांगणार?

मेच्या शेवटी बैठक होती. दुसऱ्या दिवशी मुंबईहून पडद्यावरची बैठक लागणार होती आणि मोठ्या साहेबांना जिल्ह्याचं काम मांडायचं होतं. साहेब माणूस वाईट नव्हता. सेवानिवृत्तीला आलेला, साखरेच्या गोळ्या खाणारा, कटकट नको म्हणणारा माणूस. सगळे अभियंते हॉलमध्ये, पडद्याशेजारी लहान टेबलावर बाई.

साहेब म्हणाले, "मॅडम, पूर्ण झालेली कामं दाखवा. तालुकावार."

बाईंनी नेहमीसारखी हाताची घडी घातली. "आणखी काही अट, साहेब?"

"अट कसली? पूर्ण म्हणजे पूर्ण."

बाईंनी ती क्वेरी चालवली. पडद्यावर यादी आली, लांबलचक, साहेब खूश झाले. कोणीतरी पाणी प्यायलं. आता पुढचा विषय निघणार, तेवढ्यात बाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. बैठकीत त्या कधी उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

"साहेब, आज एक प्रश्न माझा आहे."

साहेबांना आधी कळलंच नाही. "बोला," म्हणाले.

"तोंडानं सांगते. पूर्ण दाखवलेल्या कामांपैकी ज्यांची ताब्यात दिल्याची तारीख रिकामी आहे, ती कुठली?"

आणि उत्तराची वाट न बघता उभ्या उभ्याच क्वेरी लिहिली. दोनदा चुकलं, खोडून परत लिहिलं. मग बटण दाबलं.

पडदा भरला. बाई खाली सरकवत गेल्या तरी संपेना. हॉलमध्ये प्रत्येकजण आपापलं गाव शोधत होता आणि प्रत्येकाला सापडत होतं. माझीही होती त्यात. एक शाळेची खोली तर मी पार विसरून गेलो होतो. माळशिरसच्या पानावर बाई थांबल्या आणि बोटानं एक ओळ दाखवली. "या इमारतीत शेळ्या बांधल्यात, साहेब. पोरं बाहेर आहेत. बाकीच्यांत काय आहे ते मला माहीत नाही."

साहेब म्हणाले, "बंद करा ते."

"खाली अजून आहेत."

"मॅडम, हा प्रश्न तुम्हाला कोणी विचारायला सांगितला?"

"कोणीच नाही. म्हणून तर मी विचारला."

आणि खाली बसल्या. पडदा तसाच राहिला, तो बंद करायचं कोणालाच सुचेना. शेवटी शिपायानं वायर काढली.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. नुसता मला नाही, सगळ्यांना. त्या सगळ्या कामांवरचं 'पूर्ण' काढून परत 'अपूर्ण' करायचं म्हणजे एकेका कामासाठी वर परवानगी मागायची, खुलासा लिहायचा, ठेकेदार शोधून काढायचा. जून-जुलै आमचा त्यात गेला. घरी गेलं की बूट काढायचंही त्राण नसायचं. त्या जूनमध्ये चहा आला की बाईंचा कप टेबलाच्या कडेला ठेवून शिपाई निघून जायचा. त्यांच्याकडे प्रश्न घेऊन जायचं लोकांनी सोडलं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "खरंच शेळ्या आहेत का हो तिथं?" मी हो म्हटलं. ते "बाई बरोबर आहेत," म्हणाले, "पण आधी मला एकट्याला सांगायला काय झालं होतं?" त्यांनी माळशिरसचा तो भाग माझ्या गळ्यात मारला, अतिरिक्त म्हणून.

त्या दिवसांत एकदा मी जेवायला बसलो होतो, बाईंशी बोलत नव्हतो. बाई उठून आल्या, माझ्या डब्याच्या झाकणात चमचाभर चटणी टाकली आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या. मी खाल्ली. तिखट होती, लई तिखट. माझा राग तिथंच संपला.

जूनमध्ये करार संपला. खंडाच्या दिवशी बाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा नव्या कराराचा कागद आला नव्हता. मग कळलं, तो येणार नाही. पुण्याहून नवी प्रणाली येणार होती, तीत सगळं आपोआप रंगीत गोलात दिसतं, क्वेरी लिहायला वेगळ्या माणसाची गरज नाही, असं कारण लिहिलं होतं. ते खरंही असेल. साहेबांनी सही करायला दोन दिवस लावले, एवढं मला त्यांच्या शिपायानं सांगितलं. बाईंनी कोणाचा निरोप घेतला नाही. पंख्याची वायर गुंडाळली, तो पोटाशी धरून जिना उतरल्या, स्कूटीवर पायांमध्ये ठेवला आणि स्कार्फ गुंडाळायला लागल्या. मी खाली गेलो होतो. काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, "मॅडम, माळशिरसचं माझ्याकडे आलंय."

"माहीत आहे," म्हणाल्या. "चौकट लाकडी लावू नका तिथं. वाळवी लई आहे."

त्या ठेकेदाराच्या मागे लागून माझ्या नाकी नऊ आले. तो फोन उचलायचा नाही, उचलला तर सासू वारली म्हणायचा. पुढच्या महिन्यात परत वारली. शेवटी त्याच्या दुसऱ्या साइटवर जाऊन मी त्याच्या खुर्चीत बसून राहिलो, तेव्हा हलला. शेळ्यांच्या मालकाची समजूत घालायला सरपंचाला मधे घातलं. लोखंडी चौकट आली, दार बसलं, खिडक्या बसल्या, फरशी झाली, नळाला पाणी आलं. दिवाळी होऊन गेली होती.

किल्ली द्यायला मी स्वतः गेलो. वस्ती माळशिरसपासून आत, दोन्ही बाजूंना उसाचा फड आणि मधून बैलगाडीच्या रुंदीचा रस्ता. बाईंची बहीण दारात उभी होती. नाक अगदी बाईंचं, आणि बघायची तऱ्हाही तीच. शेळ्यांचा वास अजून भिंतींना होता, पण तिनं कोपऱ्यात उदबत्ती लावली होती. पोरं आत सतरंजीवर बसली होती, काही एकमेकांना ढकलत होती, एक नळ उघडून बंद करत होतं. मी किल्ली दिली, कागदावर सही घेतली आणि मोबाइलवर नोंद करायला लागलो.

तिनं वाकून बघितलं. "आता त्यात काय दिसंल?"

"पूर्ण."

"पैलं बी त्येच दिसत हुतं की."

मी ताब्यात दिल्याची तारीख भरली, फोटो काढला. मग म्हटलं, "तुमच्या आक्कांना कळवतो मी."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तिनं बैठकीत सांगितलं, ते मला सरपंचाकडनं कळलं," म्हणाली. "नोकरी गेल्याचं बी त्याच्याकडनंच. मी फोन लावला न्हाय. कसा लावायचा आता." मग किल्ली कनवटीला लावत म्हणाली, "तुमी तिला पूर्ण झालं म्हणून सांगू नगा. तिचा इस्वास न्हाय बसायचा. तिला म्हणावं, पोरं आत बसल्यात."

सोलापूरला उतरलो तसा बॅग घेऊनच शुक्रवार पेठेत गेलो. बाईंच्या नवऱ्याचा शाळेचे गणवेश शिवायचा लहानसा कारखाना आहे, घराच्या खालच्या खोलीत, चार मशिनी. दोन बंद होत्या. एकीवर नवरा होता आणि एकीवर बाई. बाजूला निळ्या-पांढऱ्या सदऱ्यांचा ढीग, अगदी लहान मापाचे. बाई कॉलर बसवत होत्या. मला बघून मशीन थांबवली नाही. नवरा उठून आत चहा सांगायला गेला.

मी उभ्या उभ्याच म्हटलं, "मॅडम, बहिणीनं निरोप दिलाय. पोरं आत बसलीत."

मशीन थांबली. बाई तशाच बसून राहिल्या, मान खाली, हात सदऱ्यावर. मला वाटलं, विचारतील. दार कसं बसलं, चौकट कसली, नळाला पाणी किती वेळ येतं. त्यांनी काही विचारलं नाही. खांदे हलायला लागले तेव्हा मला कळलं की त्या रडताहेत. हातात तोच सदरा होता, तोच डोळ्यांना लावला, आणि चांगला वेळ लावून ठेवला.

मग नाक ओढून कॉलर उजेडात धरली. काजळाचा डाग पडला होता.

"कॉलर गेली बघा, रावसाहेब," म्हणाल्या. तो सदरा उसवायच्या ढिगावर टाकला आणि दुसरा घेतला.